राष्ट्राध्यक्षांचे दप्तर कोणाचे? : अमेरिकन राजकीय नेतृत्वाचे उत्तरदायित्व आणि पारदर्शकता यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लोकशाहीत सत्ताधाऱ्यांनी जनतेला उत्तर दिले पाहिजे, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. परंतु उत्तर मागण्यासाठी प्रथम प्रश्न विचारता यावा लागतो आणि प्रश्न विचारण्यासाठी सत्तेच्या दालनात काय घडले हे कळावे लागते. त्यामुळे उत्तरदायित्वाचा विचार शेवटी एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. राज्यकारभाराची कागदपत्रे कोणाच्या मालकीची? ती कोणी जपायची, कोणी पाहायची आणि ती नष्ट करण्याचा अधिकार कोणाला असावा?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. लिखित राज्यघटनेचा अभिमान बाळगणाऱ्या या देशात राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे जवळजवळ दोनशे वर्षे त्यांची खासगी मालमत्ता मानली जात होती. ती राष्ट्राची मालमत्ता आहेत, असे काँग्रेसने १९७८ मध्ये कायद्याने ठरविले. हा बदल एखाद्या नेत्याच्या उदारपणामुळे झाला नाही. वॉटरगेट प्रकरण आणि गुप्तचर संस्थांच्या गैरकृत्यांचा उलगडा यांमुळे तो अपरिहार्य झाला. प्रस्तुत निबंधात या बदलाचा मागोवा घेतला असून त्यानंतरच्या काळात ही व्यवस्था कितपत टिकली, याचेही परीक्षण केले आहे.

या अभ्यासात दोन संकल्पना वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. पारदर्शकता म्हणजे सत्ताधाऱ्याची कृती लोकांना दिसणे. उत्तरदायित्व म्हणजे त्या कृतीचे समर्थन करण्याची आणि तिचे परिणाम भोगण्याची सक्ती असणे. पहिल्याशिवाय दुसरे शक्य नसते. परंतु पहिले लाभले म्हणून दुसरे आपोआप लाभत नाही, हे अमेरिकन अनुभवाचे सार आहे. अभ्यासाची व्याप्ती १७८९ ते २०२५ अशी असून राज्यघटना, काँग्रेसचे कायदे, न्यायालयांचे निर्णय आणि संसदीय चौकशा यांच्या आधारे ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने विवेचन केले आहे.

१. राज्यघटनेतील तरतुदी आणि प्रारंभीचे पायंडे

१७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या घटना परिषदेचे कामकाज बंद दाराआड चालले. सदस्यांनी गुप्तता पाळण्याचा नियम केला होता. जेम्स मॅडिसन यांनी त्या चर्चेची सविस्तर टिपणे ठेवली. पण ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८४० मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या दस्तऐवजावर अमेरिकन लोकशाही उभी आहे, त्याची निर्मितीकथा सामान्य वाचकाला तपशिलाने कळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

तथापि त्याच राज्यघटनेने पारदर्शकतेची दोन बंधने घातली. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी आपल्या कामकाजाची नोंद ठेवून ती वेळोवेळी प्रसिद्ध करावी आणि सार्वजनिक पैशाच्या जमाखर्चाचा हिशेबही प्रसिद्ध करावा, अशी तरतूद पहिल्या अनुच्छेदात आहे. गुप्ततेची गरज भासेल तो भाग वगळण्याची मुभा सभागृहांना देण्यात आली. राष्ट्राध्यक्षांच्या कागदपत्रांविषयी मात्र राज्यघटना काहीच सांगत नाही. ही पोकळी पायंड्यांनी भरली गेली.

पहिला पायंडा १७९२ मध्ये पडला. आदल्या वर्षी जनरल आर्थर सेंट क्लेअर यांच्या सैन्याचा मूळनिवासी जमातींकडून दारुण पराभव झाला होता आणि सहाशेहून अधिक सैनिक मारले गेले होते. प्रतिनिधिगृहाने चौकशी सुरू करून कागदपत्रे मागितली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मंत्रिमंडळाचा सल्ला घेतला. सभागृहाला कागदपत्रे मागण्याचा अधिकार आहे, मात्र सार्वजनिक हिताला बाधक ठरणारी कागदपत्रे रोखून धरण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे, असे मत ठरले. आणि या प्रकरणी कागदपत्रे देण्यात आली. चार वर्षांनी, १७९६ मध्ये, ब्रिटनशी झालेल्या जे तहाची कागदपत्रे प्रतिनिधिगृहाने मागितली, तेव्हा मात्र वॉशिंग्टन यांनी स्पष्ट नकार दिला. तहाला मान्यता देण्याचे काम सिनेटचे आहे, असे कारण त्यांनी दिले.

तिसरा पायंडा न्यायालयाने घातला. १८०७ मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालू असताना सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडील पत्र हजर करण्याचा आदेश काढला. जेफरसन स्वतः न्यायालयात गेले नाहीत. परंतु त्यांनी कागदपत्रे सरकारी वकिलांमार्फत पाठविण्याची व्यवस्था केली. राष्ट्राध्यक्ष हा कायद्याच्या कक्षेबाहेर नाही, पण त्याचे स्थान सामान्य साक्षीदारासारखेही नाही, अशी संदिग्ध स्थिती त्यातून निर्माण झाली. ही संदिग्धता पुढील दीडशे वर्षे तशीच राहिली.

२. दप्तर खासगी मालमत्ता मानण्याची परंपरा

कारकीर्द संपल्यावर वॉशिंग्टन आपली कागदपत्रे माउंट व्हर्नन येथील निवासस्थानी घेऊन गेले. त्यांच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्षांनी तोच मार्ग अनुसरला आणि हळूहळू त्याला हक्काचे स्वरूप आले. १८३४ मध्ये काँग्रेसने वॉशिंग्टन यांच्या वारसाकडून त्यांची सरकारी कागदपत्रे पैसे देऊन विकत घेतली. राज्यकारभारात निर्माण झालेले दप्तर राज्याने खरेदी करावे, यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नाही.

या परंपरेची किंमत इतिहासाला मोजावी लागली. चेस्टर आर्थर यांनी १८८६ मध्ये मृत्यूपूर्वी आपली बहुतेक कागदपत्रे जाळून टाकण्याची व्यवस्था केली. अब्राहम लिंकन यांची कागदपत्रे त्यांचे पुत्र रॉबर्ट टॉड लिंकन यांनी काँग्रेसच्या ग्रंथालयाला दिली. परंतु आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ती उघडू नयेत, अशी अट घातली. परिणामी यादवी युद्धाच्या काळातील राष्ट्राध्यक्षांचा मोठा कागदसंग्रह अभ्यासकांना १९४७ मध्ये खुला झाला. वॉरन हार्डिंग यांचे १९२३ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या पत्नीने बरीच कागदपत्रे नष्ट केली. हार्डिंग यांच्या शासनातील टीपॉट डोम या तेलसाठ्यांच्या भाडेपट्ट्यांच्या गैरव्यवहाराची चौकशी त्याच सुमारास सुरू होती. गृहखात्याचे माजी मंत्री आल्बर्ट फॉल यांना लाच घेतल्याबद्दल १९२९ मध्ये दोषी ठरविण्यात आले आणि पुढे त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. मंत्रिपदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जाणारे ते पहिले मंत्री होत. याच शासनातील न्यायखात्याच्या चौकशीतून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये, साक्षीदारांना हजर राहण्यास भाग पाडण्याचा काँग्रेसचा अधिकार मान्य केला. चौकशीचा अधिकार अशा रीतीने दृढ झाला. कागदपत्रे जपण्याचे बंधन मात्र अद्याप नव्हते.

१९३४ मध्ये राष्ट्रीय पुराभिलेखागाराची स्थापना झाली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपली कागदपत्रे राष्ट्राला देऊन हाइड पार्क येथे ग्रंथालय उभारले आणि १९५५ च्या कायद्याने अशा राष्ट्राध्यक्षीय ग्रंथालयांना सरकारी आधार दिला. तरीही मूळ कल्पना देणगीचीच होती. जे द्यायचे ते माजी राष्ट्राध्यक्ष स्वेच्छेने देणार आणि अटीही तेच घालणार, अशी ही रचना होती.

३. माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा

दुसऱ्या महायुद्धानंतर शीतयुद्धाच्या वातावरणात शासकीय गोपनीयतेचा विस्तार झाला. कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी जॉन मॉस यांनी १९५५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीचे अध्यक्षपद स्वीकारून या गोपनीयतेची चौकशी आरंभिली. शासकीय खात्यांच्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या विरोधाला तोंड देत त्यांनी अकरा वर्षे हा विषय लावून धरला. अखेर जून १९६६ मध्ये प्रतिनिधिगृहाने माहितीच्या स्वातंत्र्याचे विधेयक ३०७ विरुद्ध ० मतांनी संमत केले. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना हा कायदा फारसा रुचला नव्हता. ४ जुलै १९६६ रोजी, स्वातंत्र्यदिनी, त्यांनी टेक्सासमधील आपल्या निवासस्थानी कोणताही समारंभ न करता त्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याने एक मूलभूत उलटापालट केली. पूर्वी माहिती मागणाऱ्याला ती कशासाठी हवी हे सांगावे लागे. आता माहिती नाकारणाऱ्या खात्याला कारण देणे भाग पडले. नऊ अपवाद सोडून कोणतीही व्यक्ती शासकीय अभिलेख मागू शकते, हे तत्त्व प्रस्थापित झाले. मात्र खात्यांची टाळाटाळ आणि मुदतीचा अभाव यांमुळे आरंभी कायदा दुबळा ठरला. वॉटरगेटनंतर १९७४ मध्ये काँग्रेसने त्यात दुरुस्त्या केल्या. उत्तरासाठी मुदत ठरविण्यात आली आणि गोपनीय ठरविलेले कागद न्यायाधीशांनी स्वतः तपासून पाहण्याचा मार्ग खुला झाला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी या दुरुस्त्यांवर नकाराधिकार वापरला. परंतु नोव्हेंबर १९७४ मध्ये दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी तो निष्प्रभ केला.

भारतातील माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ परिचित असलेल्या वाचकाने येथे एक फरक लक्षात घ्यावा. भारतीय अधिनियमाच्या कक्षेत विधिमंडळे आणि न्यायालयेही येतात. अमेरिकन कायदा मात्र कार्यकारी खात्यांपुरता मर्यादित आहे. काँग्रेस आणि न्यायालये त्याच्या कक्षेबाहेर आहेत. राष्ट्राध्यक्षांचे निकटचे कर्मचारीवर्तुळही त्यात येत नाही. त्यामुळे सत्तेच्या केंद्रस्थानी असलेल्या दालनातील कागदांसाठी स्वतंत्र कायद्याची गरज उरलीच होती.

४. वॉटरगेट : ध्वनिफितींचा लढा

१७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या कार्यालयात शिरलेल्या पाच जणांना अटक झाली. या घटनेचे धागेदोरे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या निवडणूक संघटनेपर्यंत पोहोचत होते. फेब्रुवारी १९७३ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध ० मतांनी सॅम अर्विन यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी समिती नेमली. रिपब्लिकन सदस्यांनीही चौकशीच्या बाजूने मत दिले, ही बाब पुढील घटनाक्रम समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

१६ जुलै १९७३ रोजी व्हाइट हाउसचे माजी अधिकारी अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी समितीसमोर सांगितले, की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात फेब्रुवारी १९७१ पासून संभाषणे ध्वनिमुद्रित होत आहेत. त्या क्षणी प्रकरणाचे स्वरूप पालटले. तोवर एका साक्षीदाराचा शब्द दुसऱ्याच्या शब्दाविरुद्ध होता. आता प्रत्यक्ष पुरावा अस्तित्वात असल्याचे उघड झाले. विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांनी नऊ ध्वनिमुद्रणांची मागणी केली आणि न्यायाधीश जॉन सिरिका यांनी ती हजर करण्याचा आदेश दिला. निक्सन यांनी कार्यकारी विशेषाधिकाराचे कारण पुढे केले. २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी त्यांनी कॉक्स यांना पदावरून दूर करण्याचा हुकूम दिला. ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी तो पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांचे सहायक विल्यम रकल्सहाऊस यांनीही हुकूम पाळण्यास नकार देऊन पद सोडले. शेवटी सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क यांनी हुकमाची अंमलबजावणी केली. जनमताचा क्षोभ एवढा तीव्र होता, की निक्सन यांना लिऑन जवोर्स्की यांच्या रूपाने नवा विशेष अभियोक्ता नेमू द्यावा लागला.

त्यानंतर २० जून १९७२ च्या एका ध्वनिफितीत साडेअठरा मिनिटांचा भाग पुसला गेल्याचे उघड झाले. जवोर्स्की यांनी आणखी ६४ संभाषणांची मागणी केली. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० अशा एकमताने निर्णय दिला. कार्यकारी विशेषाधिकार अस्तित्वात आहे, परंतु तो निरपवाद नाही आणि फौजदारी खटल्यातील पुराव्याच्या निश्चित गरजेपुढे तो झुकला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. निर्णय लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर हे निक्सन यांनीच नेमलेले होते.

प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने जुलैच्या अखेरीस महाभियोगाची तीन कलमे संमत केली. न्यायप्रक्रियेत अडथळा, सत्तेचा दुरुपयोग आणि समितीने मागितलेली कागदपत्रे व ध्वनिफिती देण्यास नकार, असे त्यांचे विषय होते. अभिलेख रोखून धरणे हाच एक स्वतंत्र अपराध मानला गेला, हे तिसऱ्या कलमाचे वैशिष्ट्य होय. ५ ऑगस्ट रोजी २३ जून १९७२ च्या संभाषणाची प्रत प्रसिद्ध झाली. गुप्तचर संस्था सीआयएचा वापर करून एफबीआयचा तपास थांबविण्याच्या योजनेला निक्सन यांनी संमती दिल्याचे त्यातून दिसून आले. स्वपक्षाचा आधार नाहीसा झाला आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांनी पद सोडले.

परंतु लढा येथे संपला नाही. ८ सप्टेंबर १९७४ रोजी फोर्ड यांनी निक्सन यांना संपूर्ण क्षमा दिली. त्याच वेळी शासनाने निक्सन यांच्याशी केलेला एक करार जाहीर झाला. त्यानुसार कागदपत्रे व ध्वनिफिती निक्सन यांच्या मालकीच्या मानल्या गेल्या आणि काही वर्षांनी, अथवा त्यापूर्वी त्यांचा मृत्यू झाल्यास त्या वेळी, ध्वनिफिती नष्ट करण्याची तरतूद होती. वॉशिंग्टन यांच्यापासून चालत आलेल्या परंपरेनुसार यात बेकायदेशीर असे काही नव्हते. काँग्रेसने मात्र डिसेंबर १९७४ मध्ये कायदा करून ही सर्व सामग्री शासनाच्या ताब्यात घेतली. निक्सन यांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी फेटाळले. सुमारे ३,७०० तासांच्या या ध्वनिमुद्रणांपैकी खुला करण्याजोगा भाग टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत २०१३ पर्यंत अभ्यासकांच्या हाती आला. ताब्यात घेतलेल्या सामग्रीची भरपाई म्हणून शासनाने २००० मध्ये निक्सन यांच्या वारसांशी १ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली. दीडशेहून अधिक वर्षांनंतर राज्याने पुन्हा एकदा राष्ट्राध्यक्षांच्या दप्तराचे मोल चुकते केले.

५. गुप्तचर संस्था आणि नष्ट झालेले कागद

नेतृत्वाप्रमाणेच संघटनांच्या उत्तरदायित्वाचा प्रश्नही याच काळात ऐरणीवर आला. १९७५ मध्ये सिनेटने फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली गुप्तचर संस्थांच्या चौकशीसाठी समिती नेमली. परकीय नेत्यांच्या हत्येचे कट, नागरिकांच्या टपालाची उघडझाप आणि नागरी हक्क चळवळीतील मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्या नेत्यांवर एफबीआयने ठेवलेली पाळत यांचे तपशील या समितीने उजेडात आणले. तिच्या कार्यातून काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत गुप्तचर विषयासाठी कायमस्वरूपी समित्या आल्या आणि १९७८ मध्ये पाळतीसाठी विशेष न्यायालयाची परवानगी आवश्यक करणारा कायदा झाला.

या चौकशीला एका ठिकाणी मोठी मर्यादा पडली. माणसांच्या मनावर औषधांचा व अन्य उपायांचा काय परिणाम होतो, याचे प्रयोग सीआयएने गुप्तपणे केले होते आणि त्यांत अजाण व्यक्तींचाही वापर झाला होता. संस्थेचे संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशावरून या प्रयोगांची कागदपत्रे १९७३ मध्ये नष्ट करण्यात आली होती. मात्र खर्चाच्या हिशेबाचे सुमारे वीस हजार पृष्ठांचे कागद वेगळ्या विभागात ठेवलेले असल्याने वाचले आणि माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली आलेल्या अर्जामुळे १९७७ मध्ये सापडले. प्रयोगाच्या वह्या गेल्या, पण खर्चाच्या पावत्या राहिल्या. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांच्यापैकी अनेकांना आपल्यावर काय प्रसंग ओढवला, हे कधीच पूर्णपणे कळले नाही. अभिलेख नष्ट होणे ही केवळ इतिहासकाराची हानी नसते. अन्याय सोसलेल्या माणसाच्या दाद मागण्याच्या हक्कावरच त्यामुळे गदा येते.

६. १९७८ ची कायदेरचना

१९७८ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षी महानिरीक्षकांचा कायदा होऊन बारा शासकीय खात्यांत व संस्थांत अंतर्गत पण स्वायत्त तपासणीची यंत्रणा निर्माण झाली. शासकीय नीतिमत्तेच्या कायद्याने वरिष्ठ पदाधिकाऱ्यांवर आर्थिक हितसंबंध जाहीर करण्याचे बंधन घातले आणि स्वतंत्र अभियोक्त्याच्या नेमणुकीची पद्धत ठरविली. नोव्हेंबरमध्ये जिमी कार्टर यांनी राष्ट्राध्यक्षीय अभिलेख कायद्यावर स्वाक्षरी केली. २० जानेवारी १९८१ पासून निर्माण होणारी राष्ट्राध्यक्षांची व उपराष्ट्राध्यक्षांची कार्यालयीन कागदपत्रे राष्ट्राची मालमत्ता ठरली. कारकीर्द संपताच ती पुराभिलेखागाराच्या ताब्यात जाणार, पाच वर्षांनी जनतेला मागता येणार आणि काही विशिष्ट प्रकारची कागदपत्रे अधिकाधिक बारा वर्षे राखून ठेवता येणार, अशी व्यवस्था झाली.

ही रचना करताना काँग्रेसने एक गोष्ट मात्र राष्ट्राध्यक्षांच्या विवेकावर सोपविली. पदावर असताना कोणता कागद जपायचा, याची दैनंदिन जबाबदारी राष्ट्राध्यक्षांकडेच राहिली. या कायद्यात स्वतःची अशी फौजदारी शिक्षेची तरतूद करण्यात आली नाही. १९९१ मध्ये अपील न्यायालयानेही, पदावरील राष्ट्राध्यक्ष हा कायदा रोजच्या रोज पाळतात की नाही हे न्यायालये तपासू शकत नाहीत, असे ठरविले.

७. कायद्याची परीक्षा

पहिली परीक्षा रोनाल्ड रेगन यांच्या कारकीर्दीत झाली. इराणला शस्त्रविक्री करून त्यातील पैसा निकाराग्वातील कॉन्ट्रा बंडखोरांकडे वळविल्याचे प्रकरण नोव्हेंबर १९८६ मध्ये उघडकीस आले. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कार्यालयात ऑलिव्हर नॉर्थ आणि त्यांच्या सचिवाने कागद यंत्रात घालून फाडले, तसेच संगणकावरील संदेशही पुसले. परंतु त्या संदेशांच्या राखीव प्रती संगणक यंत्रणेत शिल्लक होत्या आणि चौकशीत त्याच महत्त्वाचा पुरावा ठरल्या. संगणकीय संदेश हाही अभिलेखच आहे, असा निर्णय १९९३ मध्ये अपील न्यायालयाने दिला. तथापि प्रकरणाचा शेवट वेगळाच झाला. डिसेंबर १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांच्यासह सहा जणांना क्षमा दिली. पुरावा वाचला, पण खटला वाचला नाही.

दुसरी परीक्षा २००१ मध्ये आली. रेगन यांच्या कागदपत्रांवरील बारा वर्षांची मुदत संपत असताना सुमारे ६८ हजार पृष्ठे खुली होणार होती. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये आदेश काढून माजी राष्ट्राध्यक्षांना आणि त्यांच्या वारसांनाही कागद रोखण्याचा व्यापक अधिकार दिला. इतिहासकारांच्या संघटनांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. हा आदेश बराक ओबामा यांनी पदग्रहणानंतरच्या पहिल्याच दिवशी, २१ जानेवारी २००९ रोजी रद्द केला. एका स्वाक्षरीने बंद झालेले दार दुसऱ्या स्वाक्षरीने उघडले, यातच या व्यवस्थेची अस्थिरता दिसते.

तंत्रज्ञानाने तिसरी अडचण निर्माण केली. बुश यांच्या काळात काही कर्मचाऱ्यांनी पक्षाच्या ईमेल खात्यांवरून शासकीय कामकाज केल्याचे २००७ मध्ये उघड झाले. परराष्ट्रमंत्री असताना हिलरी क्लिंटन यांनी खासगी सर्व्हर वापरल्याचे २०१५ मध्ये समोर आले. २०१४ च्या दुरुस्तीने राष्ट्राध्यक्ष व त्यांचे कर्मचारी यांनी खासगी खात्यावरून पाठविलेल्या शासकीय संदेशाची प्रत २० दिवसांत अधिकृत खात्यात देणे बंधनकारक केले होते. तरी खासगी भ्रमणध्वनी आणि आपोआप पुसले जाणारे संदेश यांच्यापुढे अशी तरतूद अपुरी पडते. दोन्ही पक्षांच्या पदाधिकाऱ्यांकडून असे प्रकार घडले, हे नमूद करणे आवश्यक आहे.

८. अभिलेख आहे, पण उत्तर कोण देणार?

डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकीर्दीनंतर कागदपत्रांचा प्रश्न प्रथमच माजी राष्ट्राध्यक्षांवरील फौजदारी खटल्यापर्यंत पोहोचला. पुराभिलेखागाराने जानेवारी २०२२ मध्ये फ्लोरिडातील त्यांच्या निवासस्थानाहून १५ खोकी परत मिळविली. ८ ऑगस्ट २०२२ रोजी एफबीआयने तेथे झडती घेतली आणि जून २०२३ मध्ये गोपनीय कागद बाळगणे व तपासात अडथळा आणणे असे आरोप ठेवण्यात आले. विशेष अभियोक्त्याची नेमणूकच घटनाबाह्य आहे, असे सांगून न्यायाधीशांनी जुलै २०२४ मध्ये खटला फेटाळला. ट्रम्प पुन्हा निवडून आल्यावर त्यांच्यापुरते अपीलही मागे घेण्यात आले. याच काळात जो बायडेन यांच्या खासगी कार्यालयात व घरीही उपराष्ट्राध्यक्षपदाच्या काळातील गोपनीय कागद सापडले. त्यांच्या बाबतीत विशेष अभियोक्त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये, आरोप ठेवण्याची गरज नाही, असा अहवाल दिला. म्हणजे आरोपांच्या सत्यासत्यतेचा न्यायालयीन निवाडा दोन्ही प्रकरणांत झाला नाही.

१ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी दिलेला निर्णय अधिक दूरगामी आहे. राष्ट्राध्यक्षांना त्यांच्या मूलभूत घटनात्मक अधिकारांच्या वापराबद्दल फौजदारी कारवाईपासून संपूर्ण संरक्षण आणि इतर अधिकृत कृत्यांबद्दल किमान गृहीत संरक्षण आहे, असे त्यात म्हटले आहे. खासगी कृत्यांना संरक्षण नाही. परंतु ती सिद्ध करण्यासाठी अधिकृत कृत्यांचा पुरावा वापरण्यावरही मर्यादा घालण्यात आल्या. १९७४ च्या निर्णयाने अभिलेख न्यायालयात आणला होता. २०२४ च्या निर्णयाने न्यायालयात त्याचा उपयोग किती करता येईल, याची कक्षा आखडली. निक्सन यांच्यासारखे संभाषण पुन्हा उघड झाले, तर ते अधिकृत कृत्य मानले जाईल काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दुसरी कारकीर्द सुरू होताच ट्रम्प यांनी डझनाहून अधिक महानिरीक्षकांना एकाच वेळी पदमुक्त केले. अशा वेळी काँग्रेसला ३० दिवस आधी सकारण सूचना द्यावी, असे कायदा सांगत होता. ती देण्यात आली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय पुराभिलेखागाराच्या प्रमुखांनाही पदावरून दूर करण्यात आले. स्वतंत्र अभियोक्त्याच्या नेमणुकीचा १९७८ चा कायदा तर १९९९ मध्येच, दोन्ही पक्षांच्या नाराजीमुळे, मुदत न वाढविल्याने संपुष्टात आला होता.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) अमेरिकेत पारदर्शकतेचे प्रमुख कायदे हे बहुधा गैरव्यवहारानंतरची उपाययोजना म्हणून आले. १९७४ ते १९७८ या अवघ्या चार वर्षांत जे घडले, त्याला पूर्वीची पावणेदोनशे वर्षे पुरली नव्हती.

२) राष्ट्राध्यक्षांचे दप्तर खासगी मालमत्तेतून सार्वजनिक मालमत्तेत आले, हा या कालखंडातील सर्वांत टिकाऊ बदल होय. तरीही पदावर असताना ते जपण्याची जबाबदारी ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचे त्याच्याकडेच राहिल्याने कायद्यात मूळचीच उणीव राहिली.

३) अभिलेख वाचला, म्हणजे उत्तरदायित्व सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही. इराण-कॉन्ट्रा प्रकरणात पुरावा हाती असूनही क्षमादानाने प्रक्रिया थांबली आणि २०२४ च्या निर्णयाने अधिकृत कृत्यांच्या पुराव्याचे न्यायालयीन मूल्य कमी केले.

४) १९७४ मध्ये ध्वनिफिती प्रभावी ठरल्या, कारण त्यांच्यामागे पक्षभेद बाजूला ठेवणारी सिनेट, स्वतःला नेमणाऱ्याविरुद्ध निर्णय देणारे न्यायाधीश आणि चुकीचा हुकूम पाळण्यापेक्षा पद सोडणारे अधिकारी उभे होते. यांपैकी कोणतीही गोष्ट कायद्याच्या कलमात लिहिलेली नव्हती.

सारांश, दप्तर जनतेचे आहे हे ठरविणे कायद्याला शक्य झाले. त्या दप्तराच्या आधारे सत्ताधाऱ्याला जाब विचारण्याची इच्छा मात्र प्रत्येक पिढीतील प्रतिनिधींना, न्यायाधीशांना आणि नागरिकांना नव्याने दाखवावी लागते. अमेरिकन लोकशाहीपुढील हा प्रश्न १७९२ मध्ये सेंट क्लेअर यांच्या पराभवाच्या चौकशीच्या वेळी उपस्थित झाला होता आणि २०२५ मध्येही तो सुटलेला नव्हता.